ब्लू क्रॉसची तडजोड : एका हप्त्याचा नव्वद वर्षांचा हिशेब

२०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘ब्लू क्रॉस ब्लू शील्ड’ या नावाखाली आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या शिखर संस्थेने आपल्याच ग्राहकांशी २.६७ अब्ज डॉलरांची तडजोड केली, आणि दहा कोटींहून अधिक लोकांना त्या रकमेत वाटा मागण्याची मुभा मिळाली. सरळ भागाकार केला तर माणशी सव्वीस-सत्तावीस डॉलर येतात; प्रत्यक्षात मात्र या भागाकाराने कोणालाच पैसे मिळायचे नव्हते. एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसणाऱ्या, एकाच कंपनीचा विमा तितकीच वर्षे बाळगणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांचे वाटे वेगवेगळे निघणार होते, त्यांच्या मालकाचा वाटा त्याहून निराळा आणि पलीकडच्या मोठ्या कारखान्यातील कामगाराचा तर अगदीच नगण्य. ही वाटणी न्यायालयाने २०२२ साली मंजूर केली असली, तरी जमिनीच्या आजच्या मालकीचा उलगडा जसा सातबाऱ्यावरच्या जुन्या फेरफारांवरून होतो, तसा या वाटणीतील जवळजवळ प्रत्येक आकड्याचा उलगडा अमेरिकी आरोग्यविम्याच्या इतिहासातील एखाद्या जुन्या निर्णयापाशी होतो.

त्यातील पहिला निर्णय टेक्सास राज्यातील डॅलस शहरात झाला. तेथील बेलर विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थांचा कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल हे पूर्वी शहराच्या शाळाखात्याचे प्रमुख होते, आणि रुग्णालयाच्या थकलेल्या बिलांच्या यादीत त्यांना ओळखीच्या शिक्षकांची नावे दिसू लागली. शाळाखात्यात असताना त्यांनी शिक्षकांसाठी आजारपणाचा एक निधी चालवला होता. त्या निधीच्या नोंदींवरून वर्षभरात सरासरी किती शिक्षक किती दिवस आजारी पडतात याचा अंदाज बांधता आला, आणि १९२९ च्या अखेरीस महिना ५० सेंट, म्हणजे वर्षाला ६ डॉलर भरणाऱ्या शिक्षकास २१ दिवसांची रुग्णालयातील सेवा मिळेल, अशी योजना सुरू झाली. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते : ही योजना विमा कंपनीची नव्हती, रुग्णालयाची होती. महामंदीच्या काळात खाटा रिकाम्या राहत होत्या आणि आलेल्या रोग्यांना पैसे देणे जमत नव्हते, म्हणून रुग्णालयाने आपल्या सेवेची किंमत हप्त्याने आगाऊ वसूल करण्याचा हा मार्ग काढला. रोग्याची सोय झाली यात शंका नाही. परंतु रुग्णालयाची आर्थिक निकड हेच या व्यवस्थेचे मूळ होते, आणि पुढची कित्येक वर्षे तिचे वळण त्या निकडीनेच ठरवले.

एकेका रुग्णालयाने स्वतंत्र योजना काढली तर रुग्णालयांतच चढाओढ लागेल, हे लवकरच ध्यानात आले. १९३२ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे अनेक रुग्णालयांनी मिळून एक योजना केली. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन या रुग्णालयांच्या राष्ट्रीय संघटनेने, विशेषतः तिच्यात काम करणारे अर्थतज्ज्ञ सी. रूफस रोरम यांनी, याच नमुन्याचा पुरस्कार केला. मिनेसोटातील सेंट पॉल येथे ई. ए. व्हॅन स्टीनविक यांनी आपल्या योजनेच्या जाहिरातीवर १९३४ साली निळा क्रूस छापला, आणि १९३९ साली त्या संघटनेने तेच चिन्ह तिच्या कसोट्यांना उतरणाऱ्या योजनांसाठी स्वीकारले. रुग्णालयांच्या पाठोपाठ डॉक्टरांनीही आपल्या शुल्कासाठी तशाच योजना काढल्या. निळ्या ढालीचे चिन्ह त्यांचे. ढोबळमानाने, क्रूस हा खाटेचा विमा होता आणि ढाल ही डॉक्टरच्या फीची. या संस्था नफ्यासाठी नव्हत्या, अनेक ठिकाणी आरोग्याची तपासणी न करता सर्वांना एकाच दराने विमा देत, आणि त्याबदल्यात त्यांना करातून सूट मिळे.

क्षेत्रवाटपाचा प्रश्न याच दशकांत उभा राहिला. प्रत्येक योजनेने आपापल्या भागात काम करावे, दुसरीच्या भागात शिरू नये, हा संकेत रूढ होत गेला. पण तो सर्वत्र पाळला गेला, असे मात्र नाही. उत्तर कॅरोलायनात डरहॅम आणि चॅपल हिल या दोन जवळजवळच्या गावांतून दोन योजना एकमेकींशी दीर्घकाळ स्पर्धा करीत होत्या आणि १९६८ साली त्यांचे विलीनीकरण झाले तेव्हाच ती थांबली. कॅलिफोर्नियात तर क्रूस आणि ढाल आजही वेगवेगळ्या मालकांच्या हाती असून परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. पुढे खटल्यात कंपन्यांनी असा युक्तिवाद केला की, आपापल्या भागात चिन्ह प्रथम वापरल्यामुळे त्यावर आपला स्वाभाविक हक्क निर्माण झाला आणि क्षेत्रांची विभागणी त्यातूनच आपोआप आली. दोन योजना एकाच राज्यात नांदल्याची ही उदाहरणे त्या युक्तिवादाला अडचणीची होती, कारण स्पर्धा अशक्य नव्हती, ती संपवण्यात आली होती, असे म्हणायला त्यांतून आधार मिळत होता.

वाटणीच्या गणितात मालक आणि कर्मचारी असे दोन भाग का पडले, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. महागाईला आळा घालण्यासाठी १९४२ साली अमेरिकी सरकारने पगार गोठवले, पण त्याच कायद्याने वाजवी मर्यादेतील विमा आणि निवृत्तिवेतनाचे लाभ ‘पगार’ या व्याख्येतून वगळले. कामगारांची टंचाई असलेल्या मालकांना पगार वाढवता येत नव्हता, तेव्हा त्यांनी आरोग्यविमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हा हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरू नये असे निःसंदिग्धपणे ठरवले, आणि युद्धकाळातील एक तात्पुरती पळवाट देशाची कायमची व्यवस्था झाली. तेव्हापासून बहुसंख्य अमेरिकी कुटुंबांचा हप्ता दोन खिशांतून भरला जातो : मोठा भाग मालकाच्या, लहान भाग पगारातून कापून कर्मचाऱ्याच्या. मालकाचा भाग हाही अखेर कर्मचाऱ्याच्याच मेहनतान्याचा एक हिस्सा होय, असे अर्थशास्त्रज्ञ दीर्घकाळ सांगत आले आहेत. परंतु न्यायालयाला अर्थशास्त्राच्या या सूक्ष्म मतापेक्षा पैसे कोणी भरले याची नोंद अधिक उपयोगी पडते.

तिसरा थर १९७४ सालचा. त्या वर्षी संमत झालेल्या, ‘एरिसा’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, मालकाने स्वतःच्या पैशातून चालवलेल्या आरोग्य योजनांना राज्यांच्या विमाविषयक नियमांतून बाहेर काढले. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी जोखीम स्वतःकडे घेऊन विमा कंपनीला फक्त कारभारापुरते नेमण्यास सुरुवात केली : बिले तपासणे, रुग्णालयांशी दर ठरवणे, ओळखपत्रे छापणे आणि या कामाचे शुल्क घेणे. अशा योजनेला ‘स्व-निधी’ योजना म्हणतात, आणि जिथे विमा कंपनी हप्ता घेऊन जोखीम स्वतः पत्करते तिला ‘पूर्ण विमा’. कर्मचाऱ्याच्या हातातील निळ्या क्रुसाचे कार्ड दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते, म्हणून आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे त्याला बहुधा ठाऊकच नसते. तडजोडीच्या वाटणीत मात्र याच भेदाने रकमेचा सर्वांत मोठा फरक पडला.

१९८२ साली क्रूस आणि ढाल या दोन्ही संघटना एक झाल्या आणि ‘ब्लू क्रॉस अँड ब्लू शील्ड असोसिएशन’ ही चिन्हांची मालक असलेली शिखर संस्था अस्तित्वात आली. १९८६ च्या करसुधारणेने जुनी करमाफी गेली. १९९४ साली नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही चिन्ह वापरण्याची परवानगी मिळाली, आणि एकामागून एक झालेल्या विलीनीकरणांनी शंभरावर योजनांच्या छत्तीस कंपन्या उरल्या. सेवाभावी संस्थांच्या काळातील क्षेत्राची रेषा मात्र परवान्याच्या करारात तशीच राहिली, किंबहुना अधिक पक्की झाली. चिन्हाखाली व्यवसाय करायचा तो ठरलेल्या क्षेत्रातच. आणि २००५ पासून आणखी एक अट आली की, कंपनीच्या देशभरातील आरोग्यविम्याच्या उत्पन्नापैकी किमान दोन-तृतीयांश उत्पन्न निळ्या चिन्हाच्याच व्यवसायातून आले पाहिजे. दुसरे नाव घेऊन शेजारच्या राज्यात उतरायची वाटही या अटीने अरुंद झाली. अलाबामासारख्या राज्यात खासगी आरोग्यविम्याच्या बाजारात एकट्या ब्लू क्रॉसचे प्रचंड वर्चस्व होते. तेथे हप्ता महाग वाटला तर जायचे कोणाकडे, हा प्रश्न ग्राहकाला नुसता तात्त्विक नव्हता.

२०१२ च्या फेब्रुवारीत उत्तर कॅरोलायनात पहिला ग्राहक-दावा दाखल झाला, पाठोपाठ इतर राज्यांतून ग्राहकांचे आणि डॉक्टर-रुग्णालयांचे खटले आले, आणि वर्षअखेरीस ते सर्व एकत्र करून अलाबामातील बर्मिंगहॅम येथे न्यायाधीश आर. डेव्हिड प्रॉक्टर यांच्यापुढे सोपवण्यात आले. आधार होता १८९० च्या शेरमन कायद्याचा, ज्यानुसार प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत बाजार वाटून घेणे बेकायदेशीर आहे. १९६७ च्या सीली आणि १९७२ च्या टॉपको या खटल्यांत, सामायिक चिन्हाच्या आडून केलेले क्षेत्रवाटप सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले होते, आणि त्यांपैकी टॉपको हा छोट्या किराणा साखळ्यांचा संघ असूनही त्याला सूट मिळाली नव्हती. २०१८ च्या एप्रिलमध्ये प्रॉक्टर यांनी निर्णय दिला की, क्षेत्रवाटप आणि दोन-तृतीयांशाची अट यांचा एकत्रित विचार करता त्यांना ‘मुळातच बेकायदेशीर’ हीच कसोटी लावावी लागेल. म्हणजे त्यांचे फायदे-तोटे तोलत बसण्याचे कारण नाही. शाबीत झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई देण्याची मक्तेदारीविरोधी कायद्यात तरतूद असल्याने, हा निर्णय येताच कंपन्यांच्या दृष्टीने तडजोडीची किंमत बदलली.

इतक्या लोकांच्या वतीने मोजक्या वादींनी भांडणे ज्या रीतीमुळे शक्य होते तिला ‘क्लास अ‍ॅक्शन’, म्हणजे सामूहिक दावा, म्हणतात. तिची मुळे इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांच्या प्रघातात आहेत आणि भारताच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ हाही त्याच प्रघाताचा वंशज आहे. परंतु अमेरिकेत १९६६ साली संघराज्य दिवाणी नियमावलीतील नियम २३ नव्याने लिहिला गेला आणि त्याने एक विलक्षण तत्त्व आणले. नुकसानभरपाईच्या दाव्यात जो स्पष्टपणे बाहेर पडत नाही तो आत धरला जातो, आणि तडजोड त्याच्यावर बंधनकारक होते. एवढा मोठा परिणाम होणार असेल तर माणसाला निदान कळवले पाहिजे, म्हणून १९७४ साली आयझेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ज्यांचा पत्ता शोधता येतो अशा प्रत्येकाला व्यक्तिगत सूचना गेलीच पाहिजे. त्या खटल्यातील वादीचे स्वतःचे नुकसान अवघे ७० डॉलर होते आणि सूचना पाठवायची होती साडेबावीस लाख लोकांना. खर्चाच्या या ओझ्याखाली तो खटला संपला. ब्लू क्रॉसच्या तडजोडीत सूचना आणि कारभारासाठी १० कोटी डॉलर वेगळे काढावे लागले, ते या पूर्वपीठिकेमुळे.

आता वाटणी. एकूण २.६७ अब्जांतून हे १० कोटी आणि वकिलांचे शुल्क व खर्च मिळून सुमारे ६६.७५ कोटी, म्हणजे जवळजवळ नेमका चौथा हिस्सा, वजा झाल्यावर सुमारे १.९ अब्ज डॉलर उरले. त्यांचे पूर्ण विमा आणि स्व-निधी असे दोन भाग करताना दोन्ही गटांचे वकील स्वतंत्र होते आणि मध्यस्थ होते केनेथ फाइनबर्ग, ज्यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील पीडितांच्या भरपाई निधीचे काम पाहिले होते. पूर्ण विम्याच्या गटाला ९३.५ टक्के आणि स्व-निधी गटाला ६.५ टक्के असे ठरले. हा फरक डोळ्यांत भरतो, पण तो निराधार नाही. पूर्ण विम्याच्या ग्राहकाने जोखमीसह सारा हप्ता कंपनीला दिला होता, स्व-निधी योजनेने फक्त कारभाराचे शुल्क; शिवाय मक्तेदारीविरोधी दाव्याची मुदत चार वर्षांची असल्याने, २०१२ च्या फेब्रुवारीत न्यायालयात गेलेल्या पहिल्या गटाचा काळ ७ फेब्रुवारी २००८ पासून मोजला गेला, तर खटल्यात उशिरा सामील झालेल्या दुसऱ्या गटाचा १ सप्टेंबर २०१५ पासून. दोघांचाही शेवट १६ ऑक्टोबर २०२० रोजी.

प्रत्येक गटाच्या आत पैसे प्रमाणशीर वाटायचे होते. अर्जदाराचा पात्र हप्ता भागिले सर्व मंजूर अर्जदारांच्या पात्र हप्त्यांची बेरीज, गुणिले त्या गटाची रक्कम : सूत्र एवढेच. खरी मेख ‘पात्र हप्ता’ या शब्दांत आहे. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्याचा सगळा हप्ता त्याच्या नावे धरला गेला. नोकरीतून विमा मिळालेल्याच्या बाबतीत मालकाने किती भरले आणि कर्मचाऱ्याने किती, याच्या दशकभराच्या पगारपत्रकांचा शोध कोणी घ्यायचा? म्हणून ठोकळ प्रमाणे ठरवण्यात आली : पूर्ण विम्यात एकट्याच्या विम्यासाठी १५ टक्के आणि कुटुंबाच्या विम्यासाठी ३४ टक्के कर्मचाऱ्याचे, स्व-निधी योजनेत अनुक्रमे १८ आणि २५ टक्के. आपण याहून जास्त भरले असा ज्याचा दावा असेल त्याला पुरावा देऊन वेगळे प्रमाण मागता येत होते. उदाहरणादाखल, एखाद्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचा हप्ता वर्षाला १२,००० डॉलर धरला तर दहा वर्षांच्या १,२०,००० डॉलरांपैकी ४०,८०० त्याच्या नावे लागतात. शेजारच्या टेबलावरील अविवाहित सहकाऱ्याचा हप्ता ६,००० डॉलर धरला तर ६०,००० पैकी फक्त ९,०००. हप्त्यात फरक दुपटीचा, वाट्यात साडेचारपटीहून अधिक. स्व-निधी गटात तर मुळात हप्त्याऐवजी कारभाराचे शुल्कच हिशेबात घेतल्यामुळे आकडे आणखी आक्रसतात. ज्याचा वाटा ५ डॉलर किंवा त्याहून कमी निघेल त्याला काहीच द्यायचे नाही, अशीही तरतूद होती.

या सूत्रातील छेद महत्त्वाचा आहे, कारण त्यात फक्त अर्ज करणारे येतात. ५ नोव्हेंबर २०२१ ही अर्जाची शेवटची तारीख होती, आणि पात्र असलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी अर्जच केला नाही. त्यांचा दावा करण्याचा हक्क तडजोडीने संपला आणि त्यांच्या अनुपस्थितीने इतरांचा वाटा वाढला. आत धरण्याच्या १९६६ च्या तत्त्वाची ही दुसरी बाजू आहे, आणि ती फारशी सुखद नाही : बंधन आपोआप लागू होते, पैसे मात्र मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पात्रतेच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नव्हती, त्यामुळे त्या बारा वर्षांत न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये नोकरी करून या कंपन्यांच्या विम्याखाली राहिलेल्या पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांनाही ती लागू होती. मात्र त्यांच्या विम्यावर अवलंबून असलेल्या पती-पत्नीला किंवा मुलांना स्वतंत्र वाटा नव्हता. सरकारी योजना आणि मेडिकेअर ही ज्येष्ठांची योजना पूर्णपणे वगळली होती.

९ ऑगस्ट २०२२ रोजी प्रॉक्टर यांनी अंतिम मंजुरी दिल्यावर आक्षेप घेणारे अपिलात गेले. त्यांत होम डेपो ही बलाढ्य किरकोळ विक्रेती कंपनी होती, आणि तिचा मुद्दा पैशांचा नव्हता : भविष्यात क्षेत्रवाटपाला आव्हान देण्याचा हक्कच तडजोडीने काढून घेतला जातो, असे तिचे म्हणणे होते. इतर काहींनी ९३.५ आणि ६.५ या विभागणीवर बोट ठेवले. अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी दोन्ही आक्षेप फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२४ रोजी प्रकरण ऐकण्यास नकार दिला, तेव्हा कोठे तडजोड अमलात आली. अर्ज भरणाऱ्यांपैकी अनेकांना एव्हाना आपण काय मागितले होते हेही आठवत नसावे.

होम डेपोच्या आक्षेपात मात्र तथ्य होते, असे म्हणावे लागते. तडजोडीने दोन-तृतीयांशाची अट रद्द झाली. पाच हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या काही मालकांना दुसऱ्या एका ब्लू कंपनीकडूनही दर मागवण्याची मुभा मिळाली. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी पाच वर्षांची देखरेख समिती नेमली गेली. परंतु क्षेत्राची रेषा, जिच्यावरून सारा वाद पेटला, ती परवान्याच्या करारात कायम राहिली. दरम्यान १९४५ पासून विमा व्यवसायाला मिळालेली मक्तेदारीविरोधी कायद्यातील सूट आरोग्यविम्यापुरती १३ जानेवारी २०२१ रोजी कायद्याने काढून घेण्यात आली होती. आणि ज्या रुग्णालयांनी व डॉक्टरांनी मुळात या योजना जन्माला घातल्या, त्यांचा स्वतंत्र खटला त्याच न्यायाधीशापुढे चालू राहिला. आपल्याला कमी दर स्वीकारावे लागले अशी त्यांची तक्रार होती, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशी झालेली तडजोड २.८ अब्ज डॉलरांची, म्हणजे ग्राहकांच्या तडजोडीपेक्षा तेरा कोटींनी मोठी, ठरली.